ऑटिझम: थेरपी पाऊण तास, मग उरलेला आठवडा घरच्यांनी काय करायचं?

जत, आटपाडी किंवा म्हसवडहून मुलाला थेरपीसाठी सांगली-मिरजेला किंवा साताऱ्याला आणायचं, तर एसटीने जाण्या-येण्यात दिवस मोडतो. प्रत्यक्ष सत्र जेमतेम पाऊण तासाचं. एवढ्याने काय फरक पडणार, असं पालकांना वाटतं. ते चुकीचंही नाही. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी ज्या अभ्यासाने वर्तन थेरपी गाजवली, त्यात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलं होतं. (त्यांच्या पद्धतीत शिक्षाही होती, त्यावर पुढे बरीच टीका झाली. आज खेळातून शिकवण्यावर भर असतो. रागावून 'माझ्याकडे बघ' म्हणणं ही थेरपी नव्हे.)

म्हणून थेरपिस्टकडून घरी करायच्या गोष्टी शिकून घेणं महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कार्यक्रमही ९ गटसत्रं आणि ३ घरभेटींचा आहे.

'हट्टी' म्हणण्याआधी

मूल ओरडलं, की तीन गोष्टी वहीत लिहा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. कुकरची शिट्टी झाली आणि मूल कानावर हात ठेवून किंचाळलं, तर तो हट्ट नाही. आवाज सहन होत नाही. कुकर लावण्याआधी त्याला सांगा, मागच्या खोलीत न्या. गणपतीतल्या ढोल-ताशालाही हेच लागू.

बिस्किटासाठी ओरडलं आणि लगेच बिस्किट मिळालं, तर मूल ओरडणंच शिकतं. त्याऐवजी बिस्किटाचं चित्र हातात द्यायला शिकवा आणि त्याने चित्र दिलं की त्या क्षणी बिस्किट द्या. सुरुवातीला दहादा द्यावं लागेल, द्या. अडचण येते ती घरातच. आई चित्राची वाट बघते आणि आजी 'रडवू नकोस गं लेकराला' म्हणत डबा उघडते. आजीचं प्रेम खरंच, पण मुलाला दोन नियम कळत नाहीत. शक्य असेल तर एकदा आजीलाही सत्राला न्या.

सरकारी मदत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. मूल उशिरा बोलत असेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर तिथेच सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र मिळाल्यावर 'निरामय' या आरोग्य विमा योजनेत अर्ज करता येतो. त्यात १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा काही खर्चही धरला जातो.