लेकीमागे धावलेली हाय फुओंग

मारामारी सुरू झाली की मी उठून कुकर लावते. पण २०१९ चा व्हिएतनामी ‘हाय फुओंग’ जागची न हलता पाहिला. वसुली करून पोट भरणारी एकटी आई. भरबाजारात लेकीवर चोरीचा आळ येतो नि आईचाही क्षणभर विश्वास बसत नाही! पोर रुसून पळते, तिथेच पळवली जाते. मग ही थेट सायगाव गाठते.

नायिका न्गो थान व्हान नॉर्वेत वाढलेली, १९९९ साली मायदेशी परतलेली. दिग्दर्शक ले व्हान किएट अमेरिकेतला. हॉलिवूडच्या मानाने पैसा चिमूटभर, आणि निर्मातीही हीच. बाई मार खाते, धापा टाकते, पुन्हा उठते. पोलीस येतो खरा, पण तोवर हिने बऱ्याच जणांना लोळवलेलं असतं.