बसल्या कामाचें दुखणें

ओझें वाहणाऱ्याची पाठ दुखते, हें कोणालाहि पटतें. परंतु सावलींत, एका जागीं बसून काम करणाऱ्या बाईची मान व कंबर कां दुखावी, हें कोडें सहसा उलगडत नाहीं. वस्तुतः हें दुखणें जुनें आहे. इटालियन वैद्य रामाझिनी यानें १७०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वांकून बसणाऱ्या कारागिरांच्या, त्यांत शिंप्यांच्याहि, व्याधींचें वर्णन केलें आहे.

गोंदिया जिल्ह्यांत नागझिऱ्याच्या आसपास तेंदूचीं झाडें विपुल. त्यामुळें गोंदिया-भंडाऱ्याकडे विडीचा धंदा वाढला. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन जमिनीवर बसते. ओलसर पान साच्याप्रमाणें कातरावयाचें, चिमूटभर तंबाखू भरून वळावयाचें, तोंड मुडपून दोरा बांधावयाचा. हजार विड्या वळल्या कीं हाच फेरा हजार वेळां होतो.

स्नायु आळीपाळीनें आखडला व सैल झाला, म्हणजे त्यांतून रक्त खेळतें. तोच सतत ताणलेला राहिला, तर आंतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि स्नायु थकून दुखूं लागतो. माणसाचें डोकें सुमारें पांच किलो वजनाचें. मान पुढें झुकली कीं तें तोलून धरण्याचा सारा भार मानेमागील स्नायूंवर पडतो. इकडे अंगठा व बोटें मात्र क्षणभरहि थांबत नाहींत. त्यांचे कंडरे घासून सुजतात. घरच्या शिवणयंत्रावर दोन तास सलग शिवणाऱ्या गृहिणीलाहि याचा अनुभव येतो. तिचे पाय हलतात, पण दृष्टि सुईवर खिळल्यामुळें मान जागची हलत नाहीं.

उपाय साधे आहेत. बसावयास उंच पाट घेतल्यास कंबरेचा बांक मोडत नाहीं. सूप चौरंगावर ठेवल्यास मान कमी वांकते. भरपूर उजेड असल्यास डोळे कामाजवळ न्यावे लागत नाहींत. अर्ध्या तासानें उठून चार पावलें चालणें तर सर्वांत गुणकारी.

अडचण येते ती येथेंच. गृहिणी शिवण बाजूला ठेवून उठूं शकते. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते. उठलेली मिनिटें बाईच्याच कमाईंतून वजा होतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं बसून विड्या वळणारीसहि कामगार मानलें होतें. तेव्हां तिच्या विसाव्याचा हिशेब हजारीचा दर ठरवितांनाच धरला गेला, तरच वैद्याचा सल्ला तिला पाळतां येईल.