कीर्तनाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. रामनवमीला तिथे किंवा आपल्या गावच्या सप्ताहात कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टीरिओ वेव्ह फाइल ताशी सुमारे ६३५ एमबी जागा खाते. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की, म्हणजे साधारण सव्वातीन तासांनी, आपोआप नवी फाइल सुरू करतात. आवाज सहसा तुटत नाही, पण अभंग मध्येच दुभंगतो!

या फाइली कॉपी कमांडने नुसत्या चिकटवू नका. प्रत्येक वेव्हच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे प्लेअर बहुधा पहिला तुकडा संपला की थांबतो. मोफत ऑडॅसिटीत सगळे तुकडे क्रमाने घ्या, सगळे निवडा आणि ट्रॅक्स मेनूतून ‘अलाइन एंड टू एंड’ करा. सांध्यावर हेडफोन लावून ऐकाच.

साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी. त्यापुढे जात असाल तर फ्लॅकमध्ये एक्स्पोर्ट करा. जागा वाचते, दर्जा तोच राहतो. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. मूळ तुकडे मात्र लगेच पुसू नका, पुढच्या सप्ताहाला नवं कार्ड घ्या हवं तर.