तक्त्यातली रिकामी घरे

काळी नदीचे नाव आपण घरी मराठीत लिहितो, मुले शाळेत तेच कन्नडात लिहितात. संगणकाच्या दृष्टीने या दोन लेखनांतले अंतर 896 आहे.

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. क, काना, ळ, दुसरी वेलांटी म्हणजे त्याच्या लेखी 2325, 2366, 2355, 2368. प्रत्येकात 896 मिळवा, नाव कन्नड लिपीत उमटेल. हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्यांना संगणकावर आणण्याचे काम कानपूरच्या आय.आय.टी.त आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यातला मूळ विचार असा की या लिप्या ब्राह्मीच्या लेकी, वर्णक्रम बहुतांशी एक, तर तक्ताही एकच असावा. त्यातून 'इस्की' ही संहिता आली. तिच्या 1988च्या रूपावरून 1991 साली युनिकोडने आपल्या लिप्यांची मांडणी घेतली. प्रत्येक लिपीला 128 घरे दिली. देवनागरीपासून कन्नडचा तक्ता सात तक्ते पुढे. सात गुणिले 128, म्हणजे 896.

इतकी सुबक मांडणी पाहून कोणाही प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोह पडावा. पण कन्नडात नदीचे नाव ऱ्हस्व वेलांटीने लिहितात आणि आपली बेरीज दीर्घ वेलांटी देते. बेरजेने लिपी बदलते, लेखनाची रूढी नाही.

नवे सॉफ्टवेअर बांधणाऱ्यापुढे नेहमी हाच पेच असतो. घडी नीट बसवावी, तर उद्या लोक काय मागतील ते ठाऊक नसते. ते कळेपर्यंत थांबावे, तर काम सुरूच होत नाही. तक्ता आखणाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण बेरजेच्या सोयीपेक्षा यांत आहे. एक, जोडाक्षरांना वेगळी घरे दिली नाहीत. व्यंजन, हलन्त, व्यंजन एवढ्यावर भागवले. दुसरे, बरीच घरे रिकामी ठेवली.

त्याचे फळ मराठीला मिळाले. ऱ हे अक्षर, आकडा 2353, दक्षिणेकडील भाषांतला कठोर र देवनागरीत दाखवता यावा म्हणून तक्त्यात होते. त्याच्याच अर्ध्या रूपाने आपण आज 'दऱ्या', 'वाऱ्या' लिहितो. कठोर र साठी राखलेल्या घरात आपला हलका र राहायला आला!

ॲ ची गोष्ट मात्र वेगळी. सुरुवातीच्या तक्त्यात हिंदी वळणाचा ऍ होता, मराठी वळणाचा नव्हता. 2008 साली तो आला, तोवर स्वरांच्या रांगेत जागा उरली नव्हती. तक्त्याच्या शेवटाकडे मोकळे घर होते, ते मिळाले: 2418. जुने सुपा धरणाच्या पाण्याखाली जायच्या वेळी माणसे उठली, तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली, सोसून का होईना पण हलता आले. युनिकोडात एकदा दिलेला आकडा हलवता येत नाही, तसा नियमच आहे. हलवला तर जगभरचे आधीचे लेखन बिघडेल. त्यामुळे केवळ आकड्यांच्या क्रमाने शब्दसूची लावली, तर 'ॲसिड' हा शब्द 'हळद'नंतर येतो. कोशाचा क्रम हवा, तर त्याचा नियम वेगळा लिहावा लागतो. वर्णमालेच्या ओळीत आकडे बसवण्याची सुबकता इथे तुटली, पण अक्षर मिळाले. माझ्या मते सौदा वाईट नाही.

आपल्या साहित्य मंडळांचे जुने वार्षिक अंक छपाईच्या जुन्या फाँटांत अडकले आहेत. तिथे आकडे अक्षराला नव्हे, अक्षराच्या तुकड्यांना दिलेले. तो फाँट नसेल तर पान वाचताच येत नाही. हे अंक युनिकोडात उतरवून घेताना टंकलेखकाला एक विचारा: ॲ कसा टंकला? 2418 हा एकच आकडा, की 2309 (अ) आणि 2373 (वरचा चंद्र) असे दोन? कागदावर दोन्ही पुष्कळदा सारखेच दिसतात. पण एकाच अंकात दोन्ही मिसळले, तर 'ॲड.' शोधताना साध्या शोधात निम्मे वकील सापडणार नाहीत.