आठशे मीटरच्या धावपटूने मॅरेथॉन का धावावी?

२ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या दोन धावपटूंनी एकाच दुपारी दोन सुवर्णपदकं जिंकली. एकवीस वर्षांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये विश्वविक्रमवीर रॉजर मोन्सला मागे टाकलं आणि त्यापाठोपाठ मरे हॅलबर्गने ५००० मीटरची शर्यत मारली. आठ दिवसांनी बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तिघांचा प्रशिक्षक एकच, ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड. एक शर्यत पावणेदोन मिनिटांत संपणारी, दुसरी सव्वादोन तासांहून लांबणारी, आणि दोन्हींच्या तयारीचा पाया मात्र एकच होता. क्रीडाप्रशिक्षणाच्या इतिहासात इतकं थक्क करणारं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

लिडियार्डकडे शरीरशास्त्राची पदवी नव्हती. तो बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि घरोघरी दूधही टाकायचा. तरुणपणी रग्बी खेळणारा हा गडी एकदा एका मित्रासोबत काही मैल धावला आणि त्याची छाती फुटायची वेळ आली. आपण स्वतःला तंदुरुस्त समजत होतो तो भ्रम होता, हे लक्षात येताच त्याने प्रयोग सुरू केले, आणि तेही स्वतःवर. कधी अगदी कमी धावून पाहिलं, कधी माणसाला मोडून टाकेल इतकं. त्यातून एक आकडा हाती आला: आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. दर आठवड्याला मुंबईहून पुणं धावत गाठावं, तेवढं हे अंतर. या सरावावर १९५३ आणि १९५५ साली तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला. मग आसपासची मुलं त्याच्याकडे येऊ लागली.

त्या काळी मध्यम अंतराच्या धावपटूंचा सराव मुख्यतः धावपट्टीवर चाले. ठरावीक अंतर वेगाने धावायचं, थोडं थांबायचं, पुन्हा धावायचं. जर्मनीच्या वोल्डेमार गेर्शलरने ही पद्धत शास्त्रीय पायावर उभी केली होती. लिडियार्डने ती टाकून दिली नाही, तिची जागा बदलली. त्याचं म्हणणं असं की, दम लागेल अशा तीव्र सरावाचा फायदा काही आठवड्यांतच टोकाला पोचतो आणि पुढे तोच सराव शरीराला पोखरतो. उलट प्राणवायूच्या बळावर धावण्याची क्षमता वर्षानुवर्षं वाढत राहते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. म्हणून आधी दमसास, वेग शेवटी.

आखणी तो उलट्या दिशेने करायचा. आधी शर्यतीची तारीख आणि तिथून मागे मोजत यायचं. सुरुवातीचे किमान दहा-बारा आठवडे लांब पल्ल्याचे. रविवारी ऑकलंडच्या पश्चिमेकडच्या वायटाकेरे डोंगरांतली वाइआतारुआची वाट, ३५ किलोमीटरची, चढउतारांची. स्नेलही त्यातून सुटला नाही. पुढचे काही आठवडे टेकडीवर उड्या घेत चढायचं, मोकळ्या पावलांनी उतरायचं, म्हणजे पायांत स्प्रिंग येते. त्यानंतर धावपट्टी, आणि शेवटी सराव हलका करत नेऊन ताजेपणा राखायचा. न्यूझीलंडमध्ये मैदानी शर्यतींचा हंगाम डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात येतो, ऑलिंपिक मात्र त्यांच्या हिवाळ्याच्या अखेरीला. त्यामुळे रोमसाठी नेहमीचं सगळं चक्र फिरवावं लागलं.

मला या पद्धतीत सर्वात मोलाचं वाटतं ते तिचं लवचीकपण. अनेकांनी फक्त शंभर मैल लक्षात ठेवले आणि रमतगमत धावत बसले. लिडियार्डला ते अभिप्रेत नव्हतं. धाव दमवणारी नसली तरी नेटाची हवी, असा त्याचा आग्रह होता. वेळेच्या आकड्यांपेक्षा तो जोराचं प्रमाण सांगे: आज पाव जोर, उद्या निम्मा, परवा पाऊण. त्यामुळे नवखा आणि विश्वविक्रमवीर एकाच वेळापत्रकावर धावू शकत, दोघांचा वेग मात्र आपापला. स्पर्धा जवळ आली की तो शर्यतीहून थोडी कमी आणि थोडी जास्त अंतरं धावायला लावून चाचणी घेई. दम कमी पडतोय की वेग, हे त्यातून कळे आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्यानुसार बदले.

आता रोमचं कोडं सुटतं. ८०० मीटरच्या अंतिम फेरीआधी स्नेलला दोन दिवसांत तीन शर्यती धावाव्या लागल्या होत्या. निव्वळ वेगात त्याला भारी असणारे होते, पण चौथ्या शर्यतीपर्यंत पाय ताजे ठेवणारा दमसास त्याच्याकडे होता. रग्बीतल्या दुखापतीने डावा हात निकामी झालेल्या हॅलबर्गने तर तीन फेऱ्या बाकी असतानाच मुसंडी मारली आणि ती आघाडी शेवटपर्यंत तगवली.

डिसेंबर १९६१ मध्ये स्नेल पूर्ण मॅरेथॉन धावला. दोन महिने उलटण्याआधी, २७ जानेवारी १९६२ ला, वांगानुईच्या गवती धावपट्टीवर त्याने एक मैलाचा विश्वविक्रम केला, ३ मिनिटं ५४.४ सेकंद. आठवड्याने क्राइस्टचर्चला, तिथेही गवतावरच, ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत धावून मोन्सचा विक्रम त्याने तब्बल १.४ सेकंदांनी मोडला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदकं त्याचीच.

निवृत्तीनंतर स्नेल अमेरिकेत शिकून व्यायामशास्त्राचा संशोधक झाला आणि गुरूच्या पद्धतीचं कारण शोधू लागला. लांब धावेत संथ स्नायुतंतूंमधला ग्लायकोजेनचा साठा संपत आला की शरीर वेगवान तंतूंना कामाला लावतं, आणि त्यांनाही दमसासाचं वळण लागतं, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. आठशेवाल्याला पस्तीस किलोमीटर का धावायला लावायचं, याचं इतकं समर्पक उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लिडियार्ड फिनलंडला गेला आणि तिथल्या प्रशिक्षकांनी त्याची पद्धत आत्मसात केली. रोल्फ हाइक्कोलाने लासे विरेनसाठी केलेल्या आखणीत ती मुरलेली दिसते. विरेन १९७२ च्या म्युनिकमध्ये १०,००० मीटरच्या शर्यतीत मध्येच पडला, उठला आणि विश्वविक्रमासह जिंकला. ५००० मीटरचं सुवर्णही त्यालाच मिळालं. १९७४ च्या युरोपीय स्पर्धेत ५००० मीटरमध्ये त्याला फक्त कांस्य मिळालं, तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. त्याची तारीख मात्र १९७६ ची होती. माँट्रियलमध्ये त्याने दोन्ही सुवर्णं पुन्हा जिंकली आणि ५००० मीटरच्या अंतिम शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी मॅरेथॉन धावून पाचवा आला.