पिल्लाचे वाकडे पाय आणि कॅल्शियमची बाटली

चार-पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू चालताना मागून पाहिलं, तर त्याचे घोटे आत वळलेले आणि पंजे बाहेर फाकलेले दिसू शकतात. घरात लगेच निदान होतं, कॅल्शियम कमी पडतंय. मग औषधाची बाटली येते, दुधाची वाटी मोठी होते. हे निदान बहुतेकदा चुकीचं असतं आणि उपाय तर त्याहून वाईट. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत राहतात. हाडं, स्नायू आणि वजन एकाच वेगानं वाढत नसल्यानं मधले काही महिने चाल बेंगरूळ दिसते. त्यात लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, दिलेल्यातलं बरंचसं ते शोषून घेतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर प्रयोग झाले, तेव्हा जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चेची वाढच बिघडली. चांगल्या प्रतीचं 'पपी फूड' खाणाऱ्या पिल्लाला बाटलीची गरज नसते. नुसत्या पोळी-भातावर किंवा मांसावर वाढणाऱ्याला कॅल्शियम खरोखर कमी पडू शकतं, पण तिथंही मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

यावर जाणकार म्हणतील, मोठ्या जातींत खरी भीती असते ती खुब्याचा सांधा ढिला राहण्याच्या दोषाची, म्हणजे हिप डिस्प्लेजियाची, आणि तो तर आनुवंशिक आहे. खाण्यानं काय होणार? आनुवंशिक आहे, यात वाद नाही. पण हा दोष असलेलं पिल्लूही जन्मतः बहुधा ठीकच असतं, सांधा ढिला होतो तो वाढीच्या काळात. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर नोंदी ठेवल्या गेल्या. जोडीतली दोन्ही पिल्लं एकाच वेतातली; एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा दोष आणि संधिवात दोन्ही कमी आढळले, आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, इतरांचं ११.२. रक्त तेच, ताट वेगळं. उपाशी ठेवा असा याचा अर्थ नाही. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लू म्हणजे लाडाचं पिल्लू, ही समजूत मात्र सोडावी लागेल. प्रश्न नुसत्या खाण्याचाही नाही, हालचालीचाही आहे. नॉर्वेतल्या चार मोठ्या जातींच्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचा धोका वाढलेला दिसला, तर मोकळ्या जमिनीवर मनसोक्त हुंदडणाऱ्यांत कमी. तेव्हा पिल्लाला डांबून ठेवणं हाही उपाय नव्हे.

मग दिसतंय ते सोडून द्यायचं आणि वाट पाहायची? नाही, आणि इथंच 'मोठं झालं की सुधारेल' म्हणणारे फसतात. सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकत धावणं, उठताना अडखळणं, एक पाय उचलून धरणं ही लक्षणं वयावर ढकलू नयेत. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीत मध्येच पाय उचलून चालणं हे बऱ्याचदा गुडघ्याची वाटी सरकल्याचं चिन्ह असतं. उलट, बाहेरून डौलदार दिसणाऱ्या पायांतही खुबा ढिला असू शकतो. तो कळतो भूल देऊन केलेल्या तपासणीत आणि एक्स-रेमध्ये. पेनहिप पद्धतीचा एक्स-रे सोळाव्या आठवड्यापासून काढता येतो. खुब्याची वाढ वळणावर आणणारी एक छोटी शस्त्रक्रिया साधारण पाच महिन्यांच्या आतच उपयोगी पडते. म्हणून मोठ्या जातीचं पिल्लू घरी असेल, तर बाटली विकत घेण्याआधी, चौथ्या महिन्यातच त्याचे खुबे पशुवैद्यांकडून तपासून घ्या.