नारा, कोयासान, क्योतो : सात दिवसांची धम्मसहल



बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही आपल्या समाजाची ओळखीची वाट आहे. वस्तीतून बस ठरते, शिदोऱ्या बांधल्या जातात, म्हातारी माणसे खिडकीपाशी बसतात आणि परत आल्यावर वर्षभर त्या यात्रेच्या गोष्टी चालतात. आता आपली मुले-मुली शिकली, नोकरीला लागली. त्यामुळे घराघरांत एक नवा प्रश्न ऐकू येतो : जपानला जाता येईल का?

येईल. पण ही सहल ऐनवेळी पिशवी उचलून निघण्याची नव्हे. पैसा, वाट आणि दृष्टी या तिन्हींची तयारी लागते. तिन्हींचा विचार या लेखात केला आहे.

आपले आणि जपानचे नाते

जपान आपल्याला अगदीच परका नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई मूळचे जपानी. १९६०च्या दशकात ते भारतात आले आणि आपल्या माणसांतलेच एक झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली उभे राहिले, त्यातही जपानी उपासकांच्या ओगावा सोसायटीचा हात होता. आणि १० सप्टेंबर २०१५ रोजी जपानमधील कोयासान विद्यापीठाच्या आवारात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. म्हणजे आपण तेथे केवळ पाहुणे म्हणून जात नाही, बाबासाहेब आपल्या आधी तेथे पोचले आहेत!

वाट कोणती धरावी?

बहुतेक सहल कंपन्या टोकियोपासून सुरुवात करतात. आपल्याकडे दिवस थोडे आणि पैसे मोजके असतील, तर टोकियो सोडून द्यावे. विमानाने सरळ ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरावे. नारा, कोयासान आणि क्योतो ही तिन्ही ठिकाणे तेथून लोकल गाड्यांच्या अंतरावर आहेत. बुलेट ट्रेनची गरज पडत नाही. परदेशी प्रवाशांसाठी असलेला सात दिवसांचा रेल्वे पासही घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत जवळजवळ तीस हजार येनवरून पन्नास हजार येन झाली. एवढ्या छोट्या फेरीत ते पैसे वसूल होत नाहीत. कार्डात पैसे भरून ते फाटकाला टेकवीत जावे, तेवढे पुरते.

तीन रात्री नारा, एक रात्र कोयासान, दोन रात्री क्योतो आणि सातव्या दिवशी परतीचे विमान, अशी वाटणी सोयीची पडते.

नारा : मूठभर मातीचा बुद्ध

सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातून धम्म जपानला पोचला. ७१० ते ७८४ या काळात नारा ही राजधानी होती. येथील तोदाई-जी विहारात सुमारे १५ मीटर उंचीची काशाची बुद्धमूर्ती आहे. ज्या लाकडी दालनात ती बसलेली आहे, ते दोनदा जळले. आजचे दालन १७०९ सालचे आहे.

मूर्ती पाहताना तिची जन्मकथा लक्षात ठेवावी. ७४३ साली सम्राट शोमू याने ती घडविण्याचे फर्मान काढले. त्यात त्याने सामान्य माणसाला, गवताची काडी का होईना, मूठभर माती का होईना, घेऊन येण्याचे आवाहन केले. ते आवाहन घराघरांत नेले ग्योकी नावाच्या भिक्खूने. हा भिक्खू गोरगरिबांत फिरून धम्म सांगे, त्यांना बरोबर घेऊन पूल बांधी, तळी खोदी. आधी सरकारने त्याच्यावर बंदी घातली होती. पण एवढी प्रचंड मूर्ती उभारायची तर लोक हवेत, आणि लोक होते ग्योकीच्या मागे! अखेर त्याच सरकारने ७४५ साली त्याला भिक्खूसंघातले सर्वोच्च पद दिले. ७४९ साली तो वारला. मूर्ती पूर्ण झालेली त्याला पाहता आली नाही.

७५२ साली मूर्तीचे डोळे रंगविण्याचा सोहळा झाला. तो कुंचला धरणारा भिक्खू भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. ७३६ साली तो चीनमार्गे जपानला आला होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हाती धरल्या होत्या.

जवळच कोफुकु-जी विहार आहे. तेथे असंग आणि वसुबंधू या दोन भावांचे, महायानातल्या थोर आचार्यांचे, लाकडी पुतळे आहेत. उन्केई या शिल्पकाराच्या देखरेखीखाली ते सुमारे १२१२ साली घडले. हे दालन वसंतात आणि शरदात ठरावीक दिवसच उघडते. आपल्या तारखा त्यात बसतात का, ते आधी पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी होर्यू-जीला जावे. आगगाडीने जेमतेम पंधरा मिनिटे आणि मग थोडी पायपीट. राजपुत्र शोतोकू याने ६०७ साली स्थापन केलेला हा विहार. येथील इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणल्या जातात. मुख्य दालनातल्या भिंतीचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याशी करतात. १९४९ साली आगीत ती मूळ चित्रे होरपळली. आज भिंतींवर दिसतात ती नंतर काढलेली प्रतिचित्रे आहेत. ज्यांनी अजिंठा पाहिले आहे, त्यांना त्या डोळ्यांची आणि बोटांची ठेवण चटकन ओळखू येईल.

गोसे : जपानमधली आपली माणसे

होर्यू-जीहून त्याच दिशेने, गाडी बदलून, नारा प्रांतातल्याच गोसे या छोट्या शहरात जाता येते. प्रवासी पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचित असतो. आपण मात्र ते चुकवू नये.

जपानमध्येही अस्पृश्य मानलेला समाज होता आणि आहे. त्यांच्या वस्त्यांवरून त्यांना 'बुराकू' लोक म्हणतात. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, कत्तलखान्यात काम करणे ही त्यांच्या माथी मारलेली कामे. ही कामे विटाळाची मानली गेली आणि करणारी माणसेही विटाळाची ठरली. १८७१ साली सरकारने हुकूम काढून कायद्याने हा भेद संपवला. पण लग्नात, नोकरीत, वस्तीच्या नावात तो उरला. या भेदाविरुद्धचा नवा कायदा २०१६ साली करावा लागला, यावरूनच काय ते समजावे.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या समाजाने परिषद भरवली आणि 'सुइहेईशा' ही संघटना स्थापन केली. सुइहेई म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागासारखी समपातळी. दुसऱ्याच्या दयेवर नव्हे, स्वतःच्या चळवळीने मुक्त होऊ, असा त्यांचा निर्धार होता. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. तेथे समपातळीचे नाव पाण्यावरून घेतले, येथे पाण्यासाठीच लढावे लागले. जाहीरनामा लिहिणारा साइको मांकिची गोसेतल्याच एका बौद्ध विहारातला मुलगा. त्याच गावी सुइहेईशा संग्रहालय आहे. सुट्टीचा वार आधी पाहून जावे.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. जपानमधल्या अनेक बौद्ध पंथांनी या समाजाला जवळ केले नाही. मेल्यानंतर भिक्खू जे धम्मनाव देतात, तेसुद्धा बुराकू माणसाला हीन अर्थाच्या अक्षरांत दिले जाई. नंतर पंथांना याची कबुली द्यावी लागली, शोध घ्यावा लागला, माफी मागावी लागली. बुद्धाचे नाव घेतल्याने समता आपोआप येत नाही. ती आचरणात आणावी लागते. बाबासाहेबांनी धम्म देताना प्रतिज्ञांचा आग्रह का धरला, ते गोसेच्या संग्रहालयात उभे राहिले की अधिक समजते.

कोयासान : डोंगरावरची रात्र

ओसाकाच्या नांबा स्थानकातून डोंगरपायथ्यापर्यंत दीड-पावणेदोन तास गाडी आणि वर तारेने ओढली जाणारी छोटी गाडी. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावी भिक्खू कुकाई यांनी ८१६ साली साधनेचे केंद्र उभारण्यास सुरुवात केली. येथे पन्नासएक विहारांत मुक्कामाची सोय आहे. जमिनीवर गादी, संध्याकाळी शाकाहारी जेवण, पहाटे वंदना. मुक्काम महाग आहे, पण एक रात्र जरूर करावी. विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांना अभिवादन करून मगच उतरावे. वर थंडी असते, म्हाताऱ्यांची शाल-कानटोपी विसरू नये.

क्योतो : हजार मूर्ती आणि केसांचा दोर

क्योतो ७९४ पासून हजारावर वर्षे राजधानी होती. विहार इतके की दोन दिवसांत सगळे पाहू म्हणणारा काहीच पाहत नाही. चार ठिकाणे निवडावीत.

सांजूसांगेन्दो हे १२६६ सालचे सुमारे १२० मीटर लांब दालन. त्यात अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. त्यांना अकरा मुखे. मुंबईकरांनी कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आधी पाहून जावे, म्हणजे नाते कळेल. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.

तो-जीचा ५५ मीटर उंचीचा पाच मजली स्तूप जपानमधला सर्वांत उंच लाकडी स्तूप. कियोमिझु विहाराचा १६३३ सालचा लाकडी सज्जा प्रसिद्ध आहे, पण वाट चढाची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तो-जी आणि सांजूसांगेन्दोवर समाधान मानावे.

चौथे ठिकाण क्योतो स्थानकाजवळचे हिगाशी होंगान-जी. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. शिनरान (११७३-१२६२) या भिक्खूची ही परंपरा. त्याने लग्न केले, हद्दपारी सोसली आणि शिकारी, शेतकरी यांना धम्म सांगितला. बुराकू समाजातले बहुसंख्य लोक याच परंपरेतले. आग लागून गेलेले दालन १८९५ साली पुन्हा उभे राहिले. त्याची प्रचंड तुळई ओढायला मजबूत दोर मिळेनात, तेव्हा गावोगावच्या बायांनी आपले केस कापून दिले. त्या केसांत ताग वळून दोर केले. त्यातला एक तेथे ठेवलेला आहे. आपल्या वस्त्यांतली विहारे मायबहिणींनी पाट्या वाहून, वर्गणी जमवून बांधली. त्या दोरापुढे आपली आजी बराच वेळ उभी राहील.

खर्चाचा हिशेब

एका येनला साठ पैसे धरून एका माणसाचा अंदाज असा :

साधा मुक्काम, पाच रात्री : २०,००० येन
कोयासान, जेवणासह एक रात्र : १५,००० येन
सात दिवसांचे खाणे : १७,५०० येन
गाडीभाडे : १२,००० येन
प्रवेशशुल्क : ५,५०० येन

एकूण ७०,००० येन, म्हणजे ४२,००० रुपये. विमानभाडे ६०,००० आणि व्हिसा, विमा, वरखर्च ८,००० धरले, तर १,१०,००० रुपये होतात. दर वरखाली होतात, म्हणून थोडे जास्तच जवळ ठेवावेत. दरमहा ४,६०० रुपये बाजूला टाकले तर दोन वर्षांत ही रक्कम जमते. बचत गटातल्या चार-पाच घरांनी मिळून भिशी लावावी. कर्ज काढून मात्र जाऊ नये. मुलांच्या फीचे पैसे मोडून तर नाहीच नाही.

व्हिसासाठी पासपोर्ट, बँकेचा तपशील, आयकराचे कागद, नोकरीचा दाखला आणि दिवसवार कार्यक्रम लागतो. हा कार्यक्रम घरातल्या शिकलेल्या मुलीकडून लिहून घ्यावा. त्यासाठी दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही.

कधी जावे?

जपानमध्ये बुद्धजयंती वैशाख पौर्णिमेला नव्हे, ८ एप्रिलला असते. बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. तोदाई-जीतही हा सोहळा होतो. ६ एप्रिलला उतरावे, आधी होर्यू-जी आणि गोसे उरकावे, ८ तारखेला तोदाई-जीत बुद्धजयंती करावी, १२ तारखेला निघावे आणि १४ एप्रिलला आपल्या वस्तीत भीमजयंतीला हजर राहावे! चेरीच्या फुलांमुळे तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. म्हणून मुक्काम सहा महिने आधी ठरवावा. स्वस्तात जायचे तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, पण कडाक्याची थंडी सोसावी लागेल. एप्रिलअखेर ते ५ मे हे दिवस टाळावेत, तेव्हा सारा जपानच सुट्टीवर असतो.

चार व्यवहाराच्या गोष्टी

लसणाची चटणी, चिवडा, भाजणी न्यावी. मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असू शकतो, शाकाहारी असाल तर विचारावे. बूट सहज काढता येतील असे घालावेत. बहुतेक विहार साडेचार-पाचला बंद होतात, म्हणून सकाळी लवकर बाहेर पडावे. गाडीत मोठ्याने बोलू नये. कचरा पिशवीत ठेवून मुक्कामी आणावा. बक्षिसी देण्याची रीत नाही.

शेवटी दृष्टीची गोष्ट. तेथील विहारांत ताईत मिळतात, भविष्याच्या चिठ्ठ्या विकल्या जातात, आपल्याकडच्या देवदेवतांची जपानी रूपेही मूर्तींच्या रांगेत दिसतात. ते कलाकृती म्हणून जरूर पाहावे, टीकाही मनातच ठेवावी. पण मुलांनी विचारले, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने ताईत का घ्यायचा नाही, हे त्यांना नीट समजावून सांगावे. येताना ताइतापेक्षा एक छायाचित्र आणावे : तोदाई-जीच्या बुद्धापुढे आपले सगळे कुटुंब, आणि मध्ये आजी.

नमो बुद्धाय! जय भीम!